किल्ली देणाराही जबाबदार

नवी गाडी घेताना आपले व्यापारी बांधव एअरबॅग किती, हे आवर्जून विचारतात. पण ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले ते महागड्या मोटारीतच. मागच्या सीटवर पट्टा लावलेला नव्हता.

त्याहून गंभीर म्हणजे माल पोचवायला सतरा वर्षांच्या पोराकडे किल्ली सोपवणे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९-ए आले. अल्पवयीनाच्या गुन्ह्याबद्दल पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. शिवाय विमा कंपनी भरपाई मालकाकडून वसूल करू शकते.

ड्रायव्हरचा एका दिवसाचा पगार वाचवण्यासाठी कुणाचा जीव आणि आपली दुकानदारी पणाला लावू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.