उंबरठा नसलेल्यांची दिवाळी

दीपावलीचा सारा विधी घराच्या उंबरठ्याभोवती गुंफलेला आहे. सडा-रांगोळी दारात, पणती उंबरठ्याशी आणि लक्ष्मीची पावले बाहेरून आत येणारी. परंतु ज्यांना घरच नाही, त्यांनी पणती ठेवावी कोठे? २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे बेघर आढळली; त्यांतील दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रातील होती.

काही वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी आम्ही आळीतील चार मंडळी फराळाची पुडकी घेऊन रेल्वे स्थानकाबाहेरच्या पदपथावर गेलो होतो. एका वृद्धाने चकल्यांचे पुडके परत केले. "चावायला दात न्हाईत, बाबांनो. उद्या कुणी माझ्यासंगं इस्पितळात येईल का? एकट्याला कुणी इचारत न्हाई." दुसऱ्या दिवशी पाडवा होता. आम्ही एकमेकांकडे पाहिले, 'बघू' म्हणालो आणि घरी परतलो. भाऊबीज उलटल्यावर गेलो, तेव्हा ती जागा रिकामी होती.

त्या दिवशी आम्हांस उमगले, की अन्न देणे सोपे. वेळ देणे कठीण. दान करून हात धुता येतात, सोबत करणाऱ्यास मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे लागते. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. पण १९५६ साली देह ठेवीपर्यंत त्यांच्या हातचा खराटा सुटला नाही. त्यांची सेवा नुसती देणगीची नव्हती, अंगमेहनतीची होती.

हे काम शासनाचे, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मोठ्या शहरांत दर लाख लोकवस्तीमागे एक निवारा असावा, असा आदेश दिला. बेघर माणसासही मतदार होता येते; तो सांगितलेल्या जागी खरोखर निजतो की नाही, हे अधिकारी रात्री येऊन पाहतो आणि मग पत्त्याचा कागद लागत नाही. परंतु निवाऱ्याची वाट दाखवावी कोणी? अर्ज लिहून द्यावा कोणी? आजाऱ्याबरोबर रुग्णालयाच्या रांगेत उभे राहावे कोणी? हक्क कागदावर असतो. तो माणसापर्यंत माणूसच पोहोचवितो.

म्हणून आमची वाचकांस विनंती आहे. फराळ अवश्य द्यावा. पण तेवढ्यावर थांबू नये. आपल्या शहरातील निवाऱ्यात जाऊन तेथे कशाची निकड आहे, हे आधी विचारावे. आठवड्याची एक सायंकाळ त्यासाठी राखावी, आणि ती वर्षभर पाळावी. समोरच्या माणसाचे नाव विचारावे. दिलेला शब्द पाडव्याच्या दिवशीही मोडू नये.

लक्ष्मीची पावले आत येणारी काढावयाची, ही आपली रीत. यंदा आपली पावले त्याच उंबरठ्यावरून बाहेर पडोत.