बधिर पाय आणि बधिर व्यवस्था

मधुमेह हा सुखवस्तू माणसांचा आजार, ही समजूत आता मोडीत निघाली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोक मधुमेही आहेत. बाधा सर्व वर्गांना होते; परंतु त्यापायी पाय गमावण्याची सर्वांत जबर किंमत मोजतो तो श्रमिक, कारण पाय हेच त्याचे भांडवल असते.

दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने मज्जातंतूंना इजा होते आणि तळपाय बधिर होतात. बाभळीचा काटा रुतला, चपलेचा खिळा टोचला, तरी वेदना होत नाही. वेदना नाही म्हणून माणूस त्याच पायावर राबत राहतो. जखम चिघळते, जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोचतो आणि अखेर पाय कापण्याखेरीज उपाय उरत नाही. मधुमेहींचे जे पाय कापावे लागतात, त्यांपैकी शेकडा ८० हून अधिक प्रसंगी आरंभ अशा जखमेनेच झालेला असतो. म्हणजेच ही आपत्ती बव्हंशी टाळता येण्याजोगी आहे.

बधिर पायाचे शास्त्र भारताला परके नाही. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, कुष्ठरुग्णांची बोटे झडतात ती रोगाने कुजून नव्हे, तर न जाणवणाऱ्या दुखापतींमुळे. अशा पायांसाठी सूक्ष्मछिद्री रबराची मऊ चप्पल दक्षिण भारतात तयार झाली. पुढे अमेरिकेत गेल्यावर डॉ. ब्रँड यांनी हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी वापरले. या शतकाच्या पहिल्या दशकात नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि टांझानियातील दार-एस-सलामचे डॉ. अब्बास यांनी डॉक्टर व परिचारिकांना पायाच्या निगेचे शिक्षण देणारा ‘स्टेप बाय स्टेप’ उपक्रम आपापल्या देशांत राबविला. गरीब देशांतही पाय वाचवता येतात, हा त्याचा धडा आहे.

त्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. रुग्णाने डोळे मिटावेत, परिचारिकेने त्याच्या पायाच्या बोटांना हलकेच स्पर्श करून विचारावे, बधिरता कळते. घोट्यापाशी नाडी चाचपावी, बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. एवढ्याने धोक्यातील पाय ओळखता येतो. तरीही बाह्यरुग्ण विभागात साखर मोजली जाते, गोळ्या दिल्या जातात आणि रुग्णाची चप्पल पायातच राहते.

याचे कारण खर्चाच्या अग्रक्रमात आहे. २०१८ साली सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या उपचारांसाठी आहे; बाह्यरुग्णाची रोजची मलमपट्टी आणि चप्पल तिच्या कक्षेत येत नाही. पाय कापण्याचा खर्च शासन उचलणार आणि तो वाचविण्याचा खर्च रुग्णाने करावा, असा हा उफराटा हिशेब आहे.

त्याहून अवघड प्रश्न मजुरीचा आहे. तळपायाची जखम भरायची तर तिच्यावरील भार कित्येक आठवडे काढावा लागतो. उचल घेऊन फडावर आलेल्या ऊसतोड कामगाराला ‘विश्रांती घ्या’ म्हणणे ही थट्टा ठरते; एकजण बसला की सारा कोयताच मोडतो. मात्र बुडालेल्या मजुरीची जबाबदारी शासनाला अपरिचित नाही. कुष्ठरुग्णाच्या पुनर्रचना शस्त्रक्रियेच्या वेळी भत्ता दिला जातो, क्षयरुग्णाला २०१८ पासून पोषणासाठी दरमहा अर्थसाहाय्य मिळते. जे तत्त्व तेथे मान्य झाले, ते मधुमेहीच्या जखमेला लागू का होऊ नये?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात: प्रत्येक मधुमेहीच्या पायांची वर्षातून किमान एकदा तपासणी, बधिर पायांसाठी मोफत चप्पल, प्राथमिक आरोग्य केंद्रात रोजची मलमपट्टी आणि जखम भरेपर्यंत निर्वाहभत्ता. हे काम आशा सेविकांवर विनामोबदला लादून मात्र चालणार नाही. मोर्चाची वाट न पाहता कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात जाऊन एकच प्रश्न विचारावा: गेल्या महिन्यात येथे किती मधुमेहींचे पाय तपासले गेले? उत्तर न मिळाल्यास लढ्याचा आरंभ तेथूनच करावा.