नदीचा वाटा कुणी खाल्ला?



"समुद्रात वाया जाणारं पाणी" हे शब्द आपण लहानपणापासून ऐकतोय. पुस्तकात तेच, मंत्र्याच्या भाषणात तेच, मोजणीला आलेल्या साहेबाच्या तोंडी तेच. नर्मदा म्हणे उगाच समुद्रात जाते, तिला अडवली पाहिजे. याच शब्दांवर सरदार सरोवर उभं राहिलं. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली ३३ गावं बुडितात धरली गेली. मध्य प्रदेश आणि गुजरातची मिळवून २४५.

आपल्या जमिनीचा, पुनर्वसनाचा, घोषित न झालेल्यांचा हिशोब या बुलेटिनमध्ये प्रत्येक वेळी येतो आणि येत राहील. आज मी धरणाच्या खालच्या नदीबद्दल लिहितेय. धरणापासून समुद्रापर्यंत सुमारे दीडशे किलोमीटर नदी उरली आहे. तिच्यात किती पाणी सोडायचं, कधी सोडायचं, यावर सध्या मोठमोठे लोक बोलतात. त्याला 'पर्यावरणीय विसर्ग' असं नाव आहे. आपल्यातले काही जण म्हणतील, आपण वरचे, खालच्या भरूचच्या नदीशी आपल्याला काय करायचंय? करायचंय, आणि ते का हेच सांगायचं आहे.

वाटणीत नदी कुठे आहे?

नर्मदा लवादाने १९७९ साली निवाडा दिला. भरवशाच्या वर्षात नदीत २८ दशलक्ष एकरफूट पाणी येतं असं धरलं आणि त्याची वाटणी केली. मध्य प्रदेशला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला अर्धा, महाराष्ट्राला पाव. आता बेरीज करा. अठरा पूर्णांक पंचवीस, नऊ, अर्धा, पाव. बरोबर २८. एक थेंबही शिल्लक नाही.

घरात भाऊ वाटणी करतात तेव्हासुद्धा म्हाताऱ्या आईच्या नावाने शेताचा एक तुकडा बाजूला ठेवतात. इथे चार भावांनी आईचंच शेत वाटून घेतलं आणि आईला उंबऱ्याबाहेर बसवलं. वाटणीच्या तक्त्यात नदीच्या नावाची ओळच नाही. ज्या वर्षी पाऊस जास्त, त्या वर्षी वरून ओसंडेल ते तिचं.

सहाशेचा नळ

मग पुढे ठरलं की खाली सेकंदाला ६०० घनफूट पाणी सोडायचं. ६०० क्युसेक. ऐकायला मोठा आकडा वाटतो. सेकंदाला साधारण १७ हजार लिटर. मी बारावीपर्यंतच शिकले आहे, पण गुणाकार येतो. वर्षभर रोज अखंड ६०० क्युसेक सोडलं तर होतं सुमारे ०.४३ दशलक्ष एकरफूट. म्हणजे २८ मधले दीड टक्का. शंभर हंड्यांतला दीड हंडा नदीला, आणि तोही उपकार केल्यासारखा.

त्याशिवाय वीज बनवताना पाणी खाली जातं हे खरं आहे. नदीपात्रातलं वीजघर १२०० मेगावॅटचं आहे. ते चाललं की नदी भरते, ते थांबलं की नदी बसते. विजेची मागणी किती आणि धरणात साठा किती, यावर नदीचा श्वास चालतो. या विजेत २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. म्हणजे आपल्या नावाने घेतलेली वीजही त्या बटणाला जोडलेली आहे. शिवाय धरणाखाली १२ किलोमीटरवर गरुडेश्वरचा बंधारा आहे. नदी मोकळी व्हायच्या आतच पुन्हा अडते.

नदी म्हणजे नळ नाही

समजा उद्या सरकारने ६०० चे १५०० केले, ३००० केले. तरी मूळ प्रश्न सुटत नाही. कारण बाराही महिने एकच आकडा हीच खोट आहे. आपल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. नदी कधी एकसारखी होती का? ज्येष्ठात ती खडकाखडकातून बारीक वाहायची, डोहात थांबायची. आषाढात लाल पाणी यायचं. श्रावण-भादव्यात दोन्ही काठ घेऊन जायची. मग हळूहळू निवळायची. मासा, झाड, वाळू, गाळ, माणूस, सगळे त्याच चालीने चालायचे.

हिलसा मासा घ्या, ज्याला मराठीत पाला म्हणतात. हा राहतो समुद्रात, पण अंडी घालायला पावसाळ्यात गोड्या पाण्यात वर चढतो. पुराचं गोडं पाणी समुद्राला जाऊन भिडतं तेव्हा त्याला कळतं की नदीने बोलावलं. नदीतला मोठा झिंगा नेमका उलटा. तो राहतो गोड्या पाण्यात आणि पिल्लांसाठी खाली खाडीच्या मचूळ पाण्यात उतरतो. एकाचं बाळंतपण वर, दुसऱ्याचं खाली. दोघांना वाट लागते आणि योग्य वेळी पाणी लागतं. माघात सोडलेलं पाणी हिलसाच्या काय कामाचं? भरूचच्या मच्छीमारांची जाळी या दोन जिवांवर चालायची. आज ती जाळी रिकामी येतात असं तेच सांगतात.

आणि वरून गोड्या पाण्याचा रेटा कमी झाला की समुद्र थांबत नाही. भरतीबरोबर खारं पाणी नदीत चढतं, मग काठाच्या विहिरीत, मग शेतात. 'वाया जाणारं पाणी' हे काम करत होतं: समुद्राला दारात अडवून धरायचं. ते पाणी बांधावर उभा राहिलेला राखणदार होता. राखणदाराला वाया गेलेला म्हणायचं आणि घरी पाठवायचं, मग शेत खारं झालं की रडायचं.

एक तर थेंब, नाही तर प्रलय

सप्टेंबर २०२३ आठवा. धरणातून अठरा लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं गेलं. भरूच, अंकलेश्वरच्या घरात, दुकानात, उभ्या पिकात पाणी शिरलं. वर मध्य प्रदेशातल्या बुडिताच्या गावांतही घरं पाण्यात गेली. सहाशे आणि अठरा लाख. तीन हजार पटींचा फरक आहे.

कुणी म्हणेल, पाऊसच तसा पडला. पडला. पण पाऊस वर पडतोय हे खाली दिसत असतं, वरच्या धरणातून किती येतंय हे फोनवर कळत असतं. धरण काठोकाठ भरून ठेवायचं आणि मग एकदम दरवाजे उचलायचे, याला नदी सांभाळणं म्हणत नाहीत. आषाढापासून थोडा थोडा पूर सोडला असता तर हिलसाला वाट मिळाली असती, खाडी धुतली गेली असती आणि शेवटच्या पाण्याला धरणात जागाही राहिली असती. जे पाणी नदीचं औषध होतं तेच साठवून साठवून विष केलं.

आता खारं पाणी अडवायला काय उपाय काढला? भाडभूतला नदीच्या मुखाजवळ आणखी एक बांध. त्याची पायाभरणी २०१७ मध्ये झाली. मच्छीमार विरोध करत आहेत, कारण हिलसाची वाट तिथूनच जाते. वरच्या धरणाने जखम केली, तर खालचं धरण पट्टी म्हणून! गोडं पाणी सोडलं तर समुद्र आपोआप मागे सरतो, ही साधी गोष्ट कंत्राटात बसत नाही. पाणी सोडायला टेंडर निघत नाही.

आपल्यातला वाद

आता घरातलं बोलते. काही जुने साथी म्हणतात, धरणाचे दरवाजे कसे चालवायचे यावर बोलणं म्हणजे धरण मान्य करणं. त्यांचा मान ठेवून सांगते, मला हे पटत नाही. धरण आपण मान्य केलं नाही, करणार नाही. पण दरवाजा रोज कुणीतरी उचलतोय, कुणीतरी पाडतोय. आपण गप्प राहिलो म्हणून तो थांबत नाही. जलाशय उतरला की काठाला गाळाची जमीन उघडी पडते. ज्याची जमीन बुडाली तो तिथे चार शेर पेरतो. पाणी पुन्हा कधी चढणार हे त्याला कोण सांगतं? बुडिताच्या गावांनी मच्छीमारीच्या सोसायट्या काढल्या. पाण्याची पातळी कधी हातभर उतरणार, कधी पुरुषभर चढणार हे त्यांना कोण विचारतं? आजारी माणसाला होडीतून न्यायचं तर धक्का आज पाण्यात की चिखलात, हे कुणाच्या हातात आहे? दरवाज्याचं वेळापत्रक हा आपल्याही जमिनीचा प्रश्न आहे. खालचा मच्छीमार आणि वरचा बुडितग्रस्त एकाच दरवाज्याच्या दोन बाजूंना उभे आहेत.

दुसरा डाव ओळखा. उद्या सांगतील, "खाली पाणी सोडायचं म्हणूनच धरण पूर्ण १३८.६८ मीटर भरावं लागतं, थोडं बुडीत सहन करा." भरूचच्या माणसाला आपल्या अंगावर घालतील. हे खोटं आहे. नदीला चालतं ठेवायला आधी तिला साठवावं लागत नाही. येतंय त्यातलं पुढे जाऊ द्यायचं असतं. ज्यांचं पुनर्वसन झालं नाही त्यांच्या घरात पाणी भरून नदी जिवंत होत नाही.

होत नाही असं कोण म्हणतं?

साहेब म्हणतात, महिन्याप्रमाणे पाणी सोडणं अवघड. मग गंगेसाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये अधिसूचना कशी काढली? वरच्या गंगेत नोव्हेंबर ते मार्च महिन्याच्या सरासरी प्रवाहाच्या २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे मध्ये २५ टक्के, जून ते सप्टेंबर ३० टक्के. पाळतात किती तो वेगळा झगडा आहे. पण ऋतूप्रमाणे टक्के कागदावर तरी लिहिता येतात. गंगेला ऋतू आहेत आणि नर्मदेला नाहीत का? २०१२ चं राष्ट्रीय जलधोरणही म्हणतं की नदीचा वाटा बाजूला ठेवा आणि कमी-जास्त पाणी तिच्या नैसर्गिक चालीच्या प्रमाणात सोडा.

दक्षिण आफ्रिकेत पोंगोला नावाची नदी आहे. तिच्यावर १९७० च्या दशकात धरण झालं. खालचे लोक पुराच्या गाळावर शेती करणारे, तळ्यांत मासे धरणारे. सरकारने पाणी सोडलं, पण चुकीच्या वेळी, आणि पिकं वाहून गेली. मग लोकांनी पाणी समित्या केल्या. त्यात मासेमार, गुरं राखणारे, बाया, दवाखान्यातले आणि जुने वैदू बसले. पूर कधी सोडायचा हे ते सांगू लागले. त्यांच्याजवळ इंजिनियरची डिग्री नव्हती. नदी कधी काय मागते ते त्यांना माहीत होतं. आपल्यालाही माहीत आहे.

कायदा आपल्या बाजूला

वनहक्क कायदा २००६ फक्त प्लॉटच्या पट्ट्यासाठी नाही. कलम ३(१)(घ) वाचा: मासे आणि पाण्यातल्या इतर उपजावर सामूहिक हक्क. कलम ५ वाचा: पाण्याचे स्रोत आणि पाणलोट राखायचा अधिकार ग्रामसभेला. आपण दावे भरताना जंगल लिहितो, डोंगर लिहितो, चराई लिहितो, आणि नदीची ओळ कोरी सोडतो. लवादाने सोडली तशीच. ही चूक आता करायची नाही.

म्हणून आपल्या मागण्या:

१. नदीचा वाटा आधी, बाकीची वाटणी नंतर. आणि तो वाटा महिन्याप्रमाणे ठरवा, बाराही महिने एक आकडा नको.

२. पावसाळ्यात ठरवून लहान पूर सोडा. धरण काठोकाठ भरून एकदम दरवाजे उचलणं बंद करा.

३. दरवाज्याचं वेळापत्रक आधी जाहीर करा. मराठीत, गुजरातीत, हिंदीत, आणि पाड्यापाड्यात पावरी-भिलीत सांगा.

४. हे ठरवणाऱ्या समितीत वरच्या ग्रामसभा आणि खालचे मच्छीमार बसले पाहिजेत. त्यांच्या सहीशिवाय वेळापत्रक नाही.

५. पुनर्वसन बाकी असताना पाणी चढवायचं नाही. नदीच्या नावाने तर मुळीच नाही.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. म्हाताऱ्या बाया-माणसांना बसवून लिहून काढा की कोणत्या महिन्यात नदी कुठपर्यंत यायची, कोणता मासा कधी चढायचा, कोणता डोह उन्हाळ्यात आटत नव्हता. ठरावाला तो कागद जोडा आणि एक प्रत आपल्याकडे पाठवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना हे पान मोठ्याने वाचून दाखवा.

समुद्राला जाणारं पाणी वाया जात नाही. वाया गेलं ते आपल्याला न विचारता अडवलेलं.

जल-जंगल-जमीन कुणाची? आमची! आमु आखा एक से!