परदेशची नोकरी आणि धन्याचा परवाना

सातारा जिल्ह्यांतील एका वाचकांचें पत्र गेले आठ दिवस माझ्या मेजावर आहे. त्यांचे चिरंजीव यंत्रशास्त्राचे पदवीधर. पुण्यास चार वर्षें कारखान्यांत काम करून आतां इंग्लंडांत जाऊं इच्छितात. एका सल्लागारानें नोकरी व 'स्पॉन्सरशिप' दोन्ही मिळवून देण्याचें कबूल केलें असून त्याबद्दल चौदा लक्ष रुपये मागितले आहेत. "विहिरीखालची अठरा गुंठे जमीन विकावी किंवा नाहीं, एवढेंच कळवावें," असें ते लिहितात. 'विकूं नये' हे दोन शब्द लिहून मी मोकळा झालों असतों; परंतु कारणावांचून दिलेला उपदेश तरुणांच्या गळीं उतरत नाहीं, आणि तें कारण सांगावयाचें म्हणजे घरची एक गोष्ट उघड करणें प्राप्त आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा बी. एस्सी. होऊन एका प्रयोगशाळेंत नोकरीस होता. २०२३ सालीं अशाच एका मध्यस्थानें त्यास इंग्लंडांतील एका वृद्धसेवागृहांत जागा देऊं केली. तेरा लक्ष रुपये ठरले. बहिणीनें विचारलें, "दादा, देऊं का रे?" मीं नियुक्तिपत्र पाहिलें, त्यावरील इंग्रजी शुद्ध होतें, आणि चाळीस वर्षें मुलांचे निबंध तपासलेल्या माझ्यासारख्या मनुष्यास शुद्ध भाषेपुढें शंका सुचली नाहीं! माझ्या निवृत्तीच्या रकमेंतून चार लक्ष रुपये मींच काढून दिले. तेथें पोहोंचल्यावर आठवड्याचे एकोणचाळीस तास सांगितलेलें काम दहाबारा तासांवर आलें. पुढील वसंतांत त्या मालकाचा परवाना सरकारनें रद्द केला, आणि साठ दिवसांत दुसरा मालक शोधावा, नाहीं तर देश सोडावा, असें पत्र मुलाच्या हातीं आलें. त्यानें चाळीसांवर अर्ज केले. पावसाळ्यांत तो परत आला, तेव्हां त्यास घ्यावयास मीच स्टेशनवर गेलों होतों. तो माझ्या पायां पडूं लागला, तेव्हां मला त्याच्याकडे पाहवेना.

'स्पॉन्सर' हा शब्द लॅटिन भाषेंतील असून त्याच्या मुळाशीं प्रतिज्ञापूर्वक हमी देणें हा अर्थ आहे. आमच्या धर्मशास्त्रांत अशा मनुष्यास 'प्रतिभू' म्हणतात. याज्ञवल्क्यानें जामिनकीचे तीन प्रकार मानले आहेत : मनुष्यास हजर करण्याची, त्याच्याविषयीं विश्वास देण्याची, आणि पैसे भरण्याची. इंग्लंडांतील मालक सरकारास जी हमी देतो ती बहुतेक पहिल्या दोन प्रकारांतील. अमुक काम खरोखर आहे, त्याचें अमुक वेतन मी देईन, मनुष्य कामावर न आल्यास कळवीन, असें तो बांधून घेतो. त्यासाठीं त्याच्यापाशीं गृहखात्याचा परवाना असावा लागतो. ज्याला आपण प्रमाणपत्र म्हणतों तो शिक्क्याचा कागदही नव्हे; ती खात्याच्या संगणकावरील एक नोंद असून उमेदवारास तिचा केवळ क्रमांक मिळतो, व त्यावर तीन महिन्यांच्या आंत व्हिसासाठीं अर्ज करावा लागतो. सारांश, परवाना धन्याचा. आपण त्याच्या आश्रयानें जाणार. तो बुडाला कीं आपणही पाण्यांत. दुसऱ्याकडे कायमची नोकरी धरावयाची तर नवें प्रमाणपत्र आणि नवा अर्ज.

आतां पैशांविषयीं. मालकास दर उमेदवारामागें सरकारांत एक कौशल्यकर भरावा लागतो. तो उमेदवाराकडून वसूल करण्यास तेथील कायद्याची मनाई आहे. ३१ डिसेंबर २०२४ पासून कुशल कामगारांच्या बाबतींत परवान्याचा व प्रमाणपत्राचा खर्चही नोकरावर लादतां येत नाहीं. उमेदवाराचा खर्च म्हणजे व्हिसाचें शुल्क, आरोग्य-अधिभार (२०२४ च्या फेब्रुवारीपासून तो वर्षाला १,०३५ पौंड आहे), आणि प्रवासखर्च. हाही लहान नव्हे. पण त्यांत 'प्रमाणपत्राची किंमत' ही बाब कोठेंच बसत नाहीं. जो ती मागतो तो विकावयास नसलेली वस्तु विकत आहे, हें मला २०२३ सालीं ठाऊक असावयास हवें होतें. आपल्याकडेही १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानें परदेशी मालकासाठीं भरती करणाऱ्यास सरकारी नोंदणीची अट घातली, आणि अशा नोंदलेल्या दलालाच्या सेवाशुल्कास ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढी मर्यादा ठरली. आमच्या मध्यस्थाच्या पाटीवर 'सल्लागार' असें होतें. दलाल हा शब्द त्यानें कटाक्षानें टाळला होता.

तेव्हां चिरंजिवांनीं करावें काय? परवानाधारक मालकांची यादी इंग्लंडचें गृहखातें स्वतः प्रसिद्ध करतें व ती कोणासही फुकट पाहतां येते. प्रथम त्या यादींत मालकाचें नांव पाहावें, व त्यापुढील श्रेणीही पाहावी. 'बी' श्रेणीच्या मालकास श्रेणी सुधारेपर्यंत बाहेरून नवा मनुष्य आणतां येत नाहीं. परंतु नांव असलें म्हणजे झालें असें मानूं नये. मालकास परवाना असतो, म्हणून तो प्रत्येक जागेसाठीं वापरतोच असें नाहीं. यास्तव पहिल्याच अर्जांत सरळ लिहावें, "मी भारतांत आहें, मला स्पॉन्सरशिप लागेल, या जागेसाठीं आपण ती देतां काय?" कित्येक तरुण ही गोष्ट शेवटच्या मुलाखतीपर्यंत दडवितात. त्यांत लाभ कांहींच नाहीं, दोन महिने मात्र जातात. २२ जुलै २०२५ पासून साधारणतः ४१,७०० पौंडांचें वार्षिक वेतन, अथवा त्या धंद्याचा ठरलेला दर, यांपैकीं जें अधिक तें मिळावें लागतें, आणि काम पदवीच्या दर्जाचें असावें लागतें. त्याच दिवसापासून वृद्धसेवेसाठीं परदेशांतून नवीन माणसें घेणें बंद झालें. नियम असे उन्हाळ्या-पावसाळ्यासारखे पालटतात. म्हणून अर्जाच्या दिवशीं मूळ सरकारी पान वाचावें, दलालाचें टिपण नव्हे.

"आधीं पाहुणा म्हणून जावें, मग तेथेंच नोकरी पाहून व्हिसा बदलावा," असाही सल्ला त्या पत्रांत कोणीतरी दिलेला आहे. पाहुण्यास मुलाखत देतां येते. परंतु तेथें बसून कुशल कामगाराच्या व्हिसावर जातां येत नाहीं, परतून अर्ज करावा लागतो. नोकरी शोधण्यासाठींच येऊं देणारा देश हवा असल्यास जर्मनीनें १ जून २०२४ पासून गुणांवर आधारलेलें 'संधिपत्र' सुरू केलें आहे. एक वर्षापर्यंत राहतां येतें, मात्र त्या काळाच्या निर्वाहाची तरतूद आधीं दाखवावी लागते. त्यांत जर्मन भाषा आली तर गुण मिळतात. यंत्रशास्त्र्यास ती शिकण्यास हरकत नसावी.

वाचक-बंधूंस मीं एवढेंच सुचविलें कीं, नियुक्तिपत्रावर ज्या कंपनीचें नांव आहे तिला चिरंजिवांनीं सल्लागारास न विचारतां स्वतः लिहावें. कंपनी खरी निघाली, यादींतही आहे. तिचें उत्तर काल आलें : अशी जागाच नाहीं. जमीन अर्थात् जागच्या जागीं आहे.

भाचा आतां कोल्हापुरास पुन्हा प्रयोगशाळेंत आहे. दर महिन्याच्या पांच तारखेस तो मला पांच हजार रुपये पाठवितो. मीं दोनदां परत केले, तेव्हां बहीण रुसली. तिसऱ्या खेपेपासून मी ते निमूटपणें घेतों.