लहरी पुण्याच्या, श्रोता चाकणचा

चाकणच्या कारखान्यांच्या बसगाड्या पहाटेच भोसरी, निगडी, तळेगावच्या रस्त्यांवरून धावू लागतात. पहिल्या पाळीचा कामगार अर्धवट झोपेत असतो आणि चालकाजवळच्या रेडिओवरून एफएमचा निवेदक 'पुण्या'ला सुप्रभात म्हणत असतो. गाणे हिंदी, बोलणे निम्मे हिंदी, निम्मे इंग्रजी आणि मराठी चवीपुरती. चाकणच्या चौकात कोंडी आहे काय, भोसरीत आज पाणी येणार काय, हे त्यातून कळेलच असे नाही. २०११ च्या जनगणनेत सतरा लाखांचा आकडा ओलांडलेले पिंपरी-चिंचवड रेडिओच्या परवान्यांच्या लेखी मात्र पुण्याचे उपनगरच राहिले आहे.

हे सदैव असे नव्हते. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे आकाशवाणी सुरू झाली आणि दीड वर्षातच, १९५५ च्या रामनवमीपासून, गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण आठवड्यागणिक घरोघरी पोहोचू लागले. त्याचे स्मरण सर्वांनाच असते. त्याच केंद्राने १९५६ मध्ये केलेला दुसरा प्रयोग मात्र विस्मृतीत गेला. युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांचे श्रोतृगट स्थापन झाले. वीस कार्यक्रम प्रसारित झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचे, चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे, अशी ती रचना होती. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स नुकतीच उभी राहत होती, त्या काळातील ही गोष्ट. श्रोता हा ग्राहक नसून सहभागी आहे, ही जाण त्या प्रयोगात होती.

१ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती आल्या. त्या प्रथम ऐकणाऱ्या शहरांत मुंबई व नागपूरबरोबर पुणेही होते. पुढे फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. पण या मालमत्तेचा लिलाव ज्या रीतीने झाला, त्यातच आजच्या एकसुरीपणाचे मूळ आहे. पहिल्या टप्प्यात परवानाशुल्क दरवर्षी पंधरा टक्क्यांनी वाढत होते. ते भरणाऱ्याला प्रयोग परवडणारे नव्हते. सर्वाधिक कान खेचणारे चित्रपटगीत हाच त्याचा आधार. २००५ च्या धोरणाने महसुलातील चार टक्के वाटा स्वीकारून हा भार हलका केला. सवय मात्र सुटली नाही.

मालकीची कथा तर अधिकच बोलकी आहे. रेडिओ सिटी चालविणारी कंपनी प्रारंभी स्टार समूहाशी निगडित होती, मग गुंतवणूक निधीकडे गेली आणि २०१५ मध्ये कानपूरच्या जागरण प्रकाशनाने ती घेतली. ९४.३ वरील रेडिओ वन हे मूळचे मुंबईच्या मिड-डे समूहाचे अपत्य. त्यात बीबीसीच्या व्यापारी शाखेचीही भागीदारी होती. २०१९ मध्ये कंपनीचे नियंत्रण दिल्लीच्या एचटी मीडियाकडे आले. याच नाममुद्रेखाली मुंबई-दिल्लीची केंद्रे कधीच इंग्रजी गाण्यांची झाली होती. धंदा विकला जाणे हा गुन्हा नव्हे. पण भाडेकरू बदलला तर शेजाऱ्यांना निदान कळते. इथे केंद्राचा धनी, भाषा आणि गाण्यांची निवड यांतले काय कधी बदलले, हे श्रोत्याला कोणी सांगतही नाही.

सारा दोष खासगी कंपन्यांच्या माथी मारणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची अनुमतीच नाही. तिसऱ्या टप्प्यात आकाशवाणीची वार्तापत्रे जशीच्या तशी ऐकविण्याची मुभा मिळाली, एवढेच. दर तासाला दहा मिनिटे बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये केली. त्याच वर्षी जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा वृत्तविभागच हलविण्याचा आदेश निघाला होता! सकाळची वार्तापत्रे छत्रपती संभाजीनगरहून देण्याचे ठरले. विरोध झाल्यावर त्याला स्थगिती मिळाली. सरकार आपले वाटते म्हणून असा निर्णय बरोबर ठरत नाही. मावळातला शेतकरी आणि आकुर्डीतला कामगार यांना एकाच वेळी मराठीत बातमी सांगणारी जी मोजकी सार्वजनिक व्यवस्था उरली आहे, ती काटकसरीच्या टिपणीवर मोडू पाहणे अदूरदर्शीपणाचेच होते.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावास मान्यता दिली. बार्शी, उदगीरसारख्या गावांना त्याचा लाभ होईल. पिंपरी-चिंचवडला तो नाही, कारण कागदोपत्री येथे पुण्याच्या वाहिन्या ऐकू येतातच.

एक मार्ग लिलावाबाहेरचा आहे. २००६ च्या सामुदायिक रेडिओ धोरणानुसार तीन वर्षे नोंदणीकृत असलेली सेवाभावी संस्था वा शिक्षणसंस्था केंद्र मागू शकते. निम्मे कार्यक्रम स्थानिक निर्मितीचे असावेत, ही अट. दुष्काळी माण तालुक्यातील म्हसवडला २००८ पासून माणदेशी तरंग वाहिनी चालते. चाकण ते निगडी या पट्ट्यात महाविद्यालये आहेत, कामगार संघटना आहेत, सेवाकार्य करणारे कार्यकर्ते आहेत. म्हसवडकरांनी यंत्रसामग्री कशी जमविली आणि निवेदक कसे घडविले, हे पाहायला तेथे जाण्यास एक दिवस पुरतो.