माहितीप्रणालीचा प्रपंच आणि वैद्यकाचे शिक्षण

गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या व्यवसायात काय काय बदलले, याची यादी करावयास बसलो तर नवी औषधे, नव्या लसी आणि नवी यंत्रे चटकन आठवतात. परंतु एक बदल असा आहे, जो आपल्या प्रत्येकाच्या टेबलावर येऊन बसला आहे आणि तरीही ज्याचे शास्त्र आपल्यापैकी फारच थोड्यांनी अभ्यासले आहे. तो म्हणजे माहितीप्रणाली. केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, लसीकरणाची नोंद, औषधांचा साठा, विम्याचे दावे आणि बिले या सर्वांचा कारभार आता संगणकावर चालतो. संगणक चालविणे आपण शिकलो. मात्र एखाद्या रुग्णालयात किंवा जिल्ह्यात अशी प्रणाली उभी करणे, ती रुजविणे आणि ती कोलमडली तरी रुग्णाची हेळसांड होऊ न देणे, हे सर्वस्वी निराळे काम आहे.

या निराळ्या कामाचेही एक रीतसर शास्त्र आहे. व्यवस्थापन व संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ‘माहितीप्रणाली प्रकल्पांचे व्यवस्थापन’ हा विषय विद्यापीठांतून शिकविला जातो. आपल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात त्याला स्थान नाही. २०१९ पासून एम.बी.बी.एस.चा जो नवा अभ्यासक्रम लागू झाला, त्याच्या प्रारंभीच्या फाउंडेशन कोर्समध्ये संगणक कौशल्यांना जागा मिळाली, हे स्वागतार्ह आहे. पण कौशल्य आणि व्यवस्थापन यांत अंतर आहे. इंजेक्शन देता येणे आणि लसीकरण मोहीम राबविता येणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच. हा विषय वैद्यकीय शिक्षणात यावा आणि त्याची सुरुवात आपल्या बडोद्यातून व्हावी, असे माझे मत आहे. ते सुज्ञ वाचकांपुढे मांडण्यासाठी हा लेख.

या विषयात शिकवितात तरी काय? पहिला पाठ गरजनिश्चितीचा. कोणाला काय हवे आहे, हे ज्यांना काम करावयाचे आहे त्यांनाच विचारून लेखी नोंदविणे. दुसरा पाठ व्याप्तीचा. प्रकल्पात काय येणार आणि काय येणार नाही, याची रेषा आरंभीच आखणे. तिसरा वेळापत्रकाचा. कामांचा परस्परावलंबी क्रम लावण्याची ‘पर्ट’ ही पद्धत १९५८ च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या पोलारिस प्रकल्पातून आली. कोणते काम लांबले तर सारा प्रकल्प लांबेल, हे तिच्यामुळे आधी कळते. त्यानंतर खर्चाचा अंदाज, जोखमीची यादी, चाचणी, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, जुन्या पद्धतीतून नव्या पद्धतीत होणारे स्थित्यंतर आणि अखेरीस देखभाल. फ्रेडरिक ब्रुक्स या संगणकतज्ज्ञाने १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात दाखवून दिले, की लांबलेल्या प्रकल्पावर आणखी माणसे घातली तर तो अधिकच लांबतो. त्यासाठी त्याने दाखला दिला तो गर्भारपणाचा. आपल्या क्षेत्रातील मंडळींना तो वेगळा समजावून सांगावयास नको.

हे न शिकल्याने काय होते, याची उदाहरणे जगात विपुल आहेत. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने रुग्णवाहिका पाठविण्याची संगणकीय प्रणाली सर्व शहरात एकदम सुरू केली. प्रणाली पुरेशी तपासलेली नव्हती, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण अपुरे होते आणि गाड्या नेमक्या कोठे आहेत याची अचूक माहिती तिला मिळत नव्हती. एकाच रुग्णाकडे दोन गाड्या, तर दुसऱ्याकडे एकही नाही, असे प्रकार घडले. दीड दिवसातच ती अंशतः मागे घ्यावी लागली आणि ४ नोव्हेंबरला ती पूर्णपणे बंद पडली. पुढे त्याच सेवेने टप्प्याटप्प्याने, कर्मचाऱ्यांना बरोबर घेऊन नवी प्रणाली उभारली आणि ती यशस्वी झाली. ब्रिटनच्याच राष्ट्रीय आरोग्य सेवेने २००२ मध्ये साऱ्या देशासाठी एक महाप्रकल्प हाती घेतला. सुमारे दहा अब्ज पौंडांच्या घरात गेलेला हा प्रकल्प २०११ मध्ये मोडीत काढण्याचा निर्णय झाला. वरून लादलेला आराखडा आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या डॉक्टरांचा अपुरा सहभाग, ही त्याच्या अपयशाची प्रमुख कारणे मानली जातात.

आपल्याकडेही असे प्रसंग आले. २०२२ मध्ये महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील रुग्णालय माहितीप्रणाली पुरवठादाराशी झालेल्या वादानंतर थांबली आणि पुन्हा हाताने केसपेपर लिहिण्याची पाळी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे तेथील बरेचसे कामकाज कागदावर करावे लागले. यंत्र बंद पडणे हा अपवाद नाही, तो धरूनच चालावयाचा प्रसंग आहे. पुरवठादार गेला तर नोंदी कोणाकडे राहतील, वीज गेली तर रुग्णाची ॲलर्जी कोठे पाहावयाची, हे प्रश्न करार करतानाच विचारावयाचे असतात. ते विचारण्याची सवय लागण्यासाठीच तर या विषयाचा अभ्यास हवा.

आता गुजरातकडे वळू. आपल्या राज्याने जानेवारी २०१० मध्ये ‘ई-ममता’ ही प्रणाली सुरू केली. तोपर्यंत आरोग्य खात्याकडे आकडे येत. इतक्या गरोदर स्त्रिया, इतकी बालके, इतके डोस. ई-ममतेने आकड्यांच्या जागी माणसे आणली. प्रत्येक माता आणि प्रत्येक बालक नावानिशी नोंदविले जाऊ लागले आणि कोणाचा डोस राहिला हे शोधता येऊ लागले. पुढे याच धर्तीवर देशभर माता-बाल मागोवा प्रणाली आली. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला ही कल्पना तेव्हाही मोलाची वाटली आणि आजही वाटते. मात्र दुबार आणि अपुऱ्या नोंदींची तक्रार अशा प्रणालींच्या मागे सतत राहिली. तिचे कारण केवळ कर्मचाऱ्यांच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल.

आपल्या समाजाची रीतच पाहा. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. गर्भारपणाची नोंद सासरच्या गावी, प्रसूती माहेरच्या तालुक्यात, पहिली लस तेथेच आणि पुढच्या लसी पुन्हा सासरी. प्रणालीने ‘पत्ता’ हा एकच रकाना ठेवला, तर ही बाई दोन ठिकाणी दोनदा नोंदली जाते किंवा दोन्हीकडून निसटते. बाळाचे नाव ठरते ते बारशाला. गुजराती कुटुंबात छठीला. तोवर ते ‘अमुकचे बाळ’ असते, आणि जुळी असतील तर ‘पहिले’ व ‘दुसरे’. नाव मिळाल्यावर जुनी नोंद नव्या नावाशी जोडण्याची सोय नसेल, तर जन्मतः दिलेल्या बी.सी.जी.चा आणि हिपॅटायटिस-बी च्या डोसचा पुरावाच हरवतो. वजनाचा रकाना पूर्ण किलोग्रॅममध्ये ठेवला, तर १,४०० ग्रॅमच्या अर्भकाचे वजन एक किलो होते आणि वजनागणिक दिलेल्या औषधाची मात्रा चुकते. अकाली जन्मलेल्या बाळाची वाढ तक्त्यावर पाहताना आपण सुधारित वय धरतो, पण लसीकरणाला मात्र जन्मतारखेपासूनचेच वय धरतो. या दोन वयांतला फरक कोणत्या अभियंत्याला आपोआप ठाऊक असणार? त्याला तो कोणी तरी सांगितला पाहिजे. तो ‘कोणी तरी’ म्हणजे आपण.

एका खासगी रुग्णालयात मी हे जवळून पाहिले आहे. तेथे नवी प्रणाली बसविताना निविदा, किमती आणि संगणकांची संख्या यांवर महिनोन् महिने चर्चा झाली. बालरोग विभागातील परिचारिकेला मात्र पहिला प्रश्न विचारला गेला तो प्रणाली सुरू झाल्याच्या दिवशी, ‘पासवर्ड मिळाला का?’ एवढाच. नवजात बाळांसाठी वयाचा रकाना वर्षांत होता, त्यामुळे आमची सारी बाळे शून्य वर्षांची झाली. परिचारिकांनी शेजारी जुनी वही चालूच ठेवली. वही बरोबर राहिली, संगणक चुकीचा राहिला, आणि काम मात्र दुप्पट झाले. ज्यांनी पैसे खर्च केले त्यांना वाटले की परिचारिका बदलास विरोध करतात. वस्तुतः त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

याउलट, योग्य रीतीने काम केले तर काय साधते, याचे उदाहरण आपल्या जवळच आहे. भरूच जिल्ह्यातील झगडिया येथे डॉ. अनिल देसाई व डॉ. लता देसाई यांनी १९८० मध्ये स्थापन केलेल्या ‘सेवा रूरल’ या संस्थेने आशा कार्यकर्त्यांसाठी मोबाइल फोनवर चालणारी ‘इमटेको’ ही प्रणाली विकसित केली. आधी थोड्या गावांत वापरून पाहिली, आशाताईंच्या अडचणी ऐकल्या, त्यानुसार बदल केले. मग भरूच व नर्मदा जिल्ह्यांतील आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नियंत्रित चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि नवजात बालकांच्या गृहभेटींत सुधारणा झाल्याचे त्यातून दिसले. याच कामाच्या आधारावर गुजरात सरकारने ‘टेको प्लस’ ही राज्यव्यापी प्रणाली आणली. आपण औषधाची चाचणी घेतल्याशिवाय ते रुग्णाला देत नाही. माहितीप्रणालीलाही तोच न्याय लावता येतो, हे झगडियाने दाखवून दिले.

लहानावर सिद्ध करून मोठ्यावर न्यावे, ही शिकवण बडोद्याला तरी नवी नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात मर्यादित स्वरूपात केला. त्याचे गुणदोष पाहिले, आणि नंतरच १९०६ मध्ये तो साऱ्या राज्याला लागू केला. १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचे जे जाळे विणले, ते तर शब्दशः माहिती घरोघर पोहोचविणारे जाळे होते. फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या ज्या राज्यात गावोगाव जात होत्या, त्या राज्याच्या वारसांनी माहितीच्या व्यवस्थापनाला परका विषय समजू नये.

यावर आक्षेप येतील, याची मला कल्पना आहे. पहिला आक्षेप, की हे अभियंत्यांचे काम आहे. रुग्णालयाची इमारत वास्तुविशारद बांधतो हे खरे, पण शस्त्रक्रियागृह कोठे असावे हे तो शल्यविशारदाला विचारतो आणि शल्यविशारदाला नकाशा वाचता आला तर काम सुकर होते. दुसरा आक्षेप वेळेचा. आधीच फुगलेल्या अभ्यासक्रमात आणखी एक विषय कशाला? हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मी परीक्षेचा नवा पेपर मागत नाही. तिसरा आक्षेप लहान दवाखान्यांचा, की आम्ही दहा खाटांचे मालक, आम्हांला याचे काय? माझ्या मते खरी निकड त्यांनाच आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. रुग्णाचा चौदा अंकी आरोग्य क्रमांक आपल्या दारी आला आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदाही संमत झाला. मोठ्या रुग्णालयाला सल्लागार परवडतो. लहान दवाखाना मात्र दाराशी आलेल्या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून राहतो.

तर मग करावे काय? महाराजा सयाजीराव विद्यापीठात बडोदा मेडिकल कॉलेज आहे, आणि १८९० च्या कलाभवनाचा वारसा सांगणारी तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखाही आहे. दोघांनी मिळून पदव्युत्तर विद्यार्थी आणि व्यावसायिक डॉक्टर यांच्यासाठी एक छोटा अभ्यासक्रम आखावा. आठवड्यातून एक संध्याकाळ, तीन महिने. वर्गात निम्मे डॉक्टर आणि परिचारिका, निम्मे संगणकाचे विद्यार्थी. प्रत्येक गटाने एका खऱ्या विभागाची गरजनिश्चिती करावी. लसीकरण खोली, नवजात अतिदक्षता कक्ष, औषधभांडार, काहीही चालेल. परीक्षा म्हणजे तो लेखी आराखडा आणि त्यावर त्या विभागातील परिचारिकेचे मत. स्थानिक भाषेतून तंत्रशिक्षण देण्याचा कलाभवनाचा आग्रह होता. तो स्मरून पडद्यावरचे शब्द गुजरातीत असावेत, याचाही विचार तेथे व्हावा.

आणि विद्यापीठ हलेपर्यंत आपल्या मंडळाने थांबण्याचे कारण नाही. आपल्यापैकी अनेकांची मुले-सुना संगणकक्षेत्रात नाव कमावून आहेत. त्यांतील काहींना बोलावून दोन-तीन चर्चासत्रे आपण सहज घेऊ शकतो. पुरवठादाराशी करार करताना विचारावयाच्या प्रश्नांची एक यादी मंडळाने छापून सभासदांना द्यावी. नोंदींची मालकी कोणाची, त्या दुसऱ्या प्रणालीत नेता येतील का, रोजची प्रत कोठे साठवली जाते, प्रशिक्षण किती दिवस, आणि यंत्र बंद पडल्यास पहिल्या तासात काय करावयाचे. पाचच प्रश्न. पण ते वेळीच विचारले तर पुढचा बराच मनस्ताप वाचेल.

आपण सारे नोंदीचे महत्त्व जाणणारे लोक आहोत. ममताकार्डावरील एक तारीख चुकली तर एक बालक लसीवाचून राहू शकते, हे आईला बजावताना आपण कंटाळत नाही. तीच काळजी हजारो बालकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या प्रणालीच्या बाबतीत घ्यावयाची, तर ती उभारणाऱ्यांच्या मेजाशी आपल्यालाही खुर्ची हवी, आणि त्या खुर्चीत बसण्याची पात्रताही हवी. ती पात्रता शिक्षणानेच येते. मंडळाच्या आगामी सर्वसाधारण सभेत या विषयावर चर्चा व्हावी आणि पहिले चर्चासत्र याच वर्षी घडावे, अशी माझी सभासद बंधुभगिनींना नम्र विनंती आहे.