घरचा ठेवा : आजोबांची दुनळी



मागच्या महिन्यात एका भगिनीचा आम्हांला फोन आला. रेवदंड्याच्या घरात त्यांच्या वडिलांची दुनळी बंदूक होती. वडील वारल्यावर भावाने ती परवान्यासकट अधिकृत बंदूक-विक्रेत्याकडे जमा केली. हे त्याने बरे केले. भारतात परवानाधारक गेल्यावर त्याची बंदूक माळ्यावर तशीच ठेवली तर तो गुन्हा होतो.

पण घरात वाद पेटला. भाचा म्हणतो, "आत्या, विलायती माल आहे. लाखो रुपये येतील!" बाई म्हणतात, "आमचे पणजोबा कंपनी सरकारच्या पलटणीत होते. १८५७ साली साहेबाने बक्षीस दिलीय. विकायची नाही!"

आम्ही विक्रेत्याकडून फोटो मागवले. नळ्यांच्या मधल्या पट्टीवर 'डब्ल्यू. रिचर्ड्स' असे कोरलेले होते. बर्मिंगहॅमची वेस्टली रिचर्ड्स ही नामांकित कंपनी १८१२ पासूनची, म्हणून भाचा खूश. पण मंडळी, वर नाव कोणीही कोरू शकतो. खरी जन्मपत्रिका नळ्यांच्या खाली असते. नवी नळी जादा दारू भरून तपासतात आणि टिकली तर तिच्यावर शिक्का मारतात. लंडन, बर्मिंगहॅम आणि बेल्जियममधले लिएज, प्रत्येक ठिकाणचा शिक्का वेगळा.

आमच्या फोटोत लांबट गोलात ई, एल, जी ही रोमन अक्षरे आणि वर मुकुट होता. हा लिएजचा शिक्का. त्यावर मुकुट आला १८९३ साली. म्हणजे बंदूक त्यानंतरची! इंग्रजी वाटणारी नावे घालून तिथे पुष्कळ साध्या बंदुका बनत आणि परदेशी जात. शिवाय १८५७ च्या सुमारास शिपायांकडे ठासणीच्या बंदुका असत, दारू तोंडातून भरायची. ही तर मधून मोडते आणि मागून काडतूस घेते.

मुलांनो, हिला 'बारा बोअर' का म्हणतात ठाऊक आहे? एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी नळीत बरोबर बसते. म्हणून सोळा बोअरची नळी बारापेक्षा अरुंद असते, बरं का!

नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी आहे. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेली ही 'दमास्कस' नळी. ती काळ्या दारूसाठी केलेली. आजचे काडतूस घातले तर फुटू शकते. तेव्हा उडवून पाहायचे नाही. घासून चकचकीतही करायची नाही, नक्षी आणि शिक्के गेले की किंमतही गेली.

मोल किती? नामांकित कारागीर, मूळ पेटी, शाबूत नळ्या असतील तर भाव येतो. अशा साध्या बंदुका पुष्कळ आहेत, त्यामुळे लाखांची आशा धरू नये. विक्रेत्याकडून लेखी अंदाज घ्यावा. इकडे इस्रायलला आणायचा विचारही नको. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. बंदूक ठेवायची तर वारसाने आपल्या नावे परवाना मागावा, विकायची तर परवाना असणाऱ्यालाच.

हे सांगितल्यावर बाई गप्प झाल्या. साहेबाचे बक्षीस गेले ना! मग आम्ही बंदुकीसोबतचा जुना परवाना वाचून दाखवला. त्यावर त्यांच्या आजोबांचे नाव, गाव, धंदा तेलाचा घाणा आणि कारण : रानडुकरांपासून पिकाचे रक्षण. म्हणजे शनिवार तेल्याने कमाईतून घेतलेली बंदूक.

"आजोबांचं नाव लिहिलेला कागद मी कधीच पाहिला नव्हता हो," बाई म्हणाल्या.

त्यांनी त्या परवान्याची प्रत मागवली आहे. बंदुकीचे काय करायचे ते त्यांनी भाच्यावर सोपवले.